बिडाच्या भांड्याचं वय

तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा एलेनिसीने कागद टेबलावर आपटला. त्याच रकान्याभोवती तोच लाल गोल. भांड्याचं आयुष्य : तिने लिहिलेलं चाळीस खोडून आठ वर्षं.

"आठ वर्षांत तर ते नीट काळंसुद्धा होत नाही," तिचे वडील ओर्मिंदो म्हणाले आणि पुन्हा भट्टीकडे गेले.

मिनासच्या डोंगरातल्या त्या गावात बिडाची भांडी ओतणारी ही शेवटची भट्टी. अकरा ओतारी. नगरपालिकेने शाळांच्या स्वयंपाकघरांसाठी नवी पातेली घ्यायचं काढलं होतं. ते काम मिळालं तर भट्टी तगणार, नाही तर नाताळला विझणार, हे ओर्मिंदोंनी माणसांना सांगून टाकलं होतं.

आजवर हे काम न मागता त्यांच्याकडे यायचं. यंदा नवा नियम आला. ज्या भांड्याचा माती-हवा-पाण्यावरचा भार कमी, ते निवडायचं. भार मोजायचा तो खाणीतून धातू निघतो तिथपासून भांडं भंगारात जातं तिथपर्यंत, आणि जितकी वर्षं ते चुलीवर राहील तितक्यांनी भागायचा.

एलेनिसी हेच शास्त्र शहरात जाऊन शिकून आली होती. तिने कोळसा मोजला, वीज मोजली, ट्रकचे किलोमीटर मोजले. आठाने भागलं की साओ पावलोहून येणारं पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं जिंकत होतं. चाळिसाने भागलं की बिडाच्या आसपासही ते फिरकत नव्हतं.

पण चाळीस लिहू कोण देतो? नगरपालिकेच्या तक्त्यात भांड्याचं आयुष्य आठच होतं. खरेदी विभागाचे अबिलियो सभ्य गृहस्थ. आवाज चढवणं त्यांच्या गावीही नव्हतं, आणि जागचं हलणंही. तिने आधी वडिलांचा शब्द दिला. विकणाऱ्याची साक्ष चालत नाही, असं उत्तर आलं. मग तिने ओताऱ्यांच्या सह्या दिल्या. त्यांनाही विकणाऱ्यांतच धरलं. आता तर अबिलियोंना रोजच्या वापरातली जुनी भांडीच डोळ्यांनी बघायची होती, सालाच्या पुराव्यासकट, निदान तीस.

पुरावा होता. आजोबांच्या वेळेपासून प्रत्येक भांड्याच्या बुडाशी साल ओतायची रीत होती. पण भांडी घरोघर पांगलेली, आणि बायका चुलीवरचं भांडं कुणाच्या हाती देत नाहीत. एलेनिसी आठवडाभर दारोदार हिंडली. कॉफी मिळाली, चीजचे गरम पाव मिळाले, भांडं काही मिळेना. एकीने तर विचारलं की लग्न ठरलंय का, म्हणून संसार मागत फिरतेस?

शेवटी ती रडकुंडीला येऊन पाद्रे तार्सिझियोंपुढे बसली. हे पाद्री अर्धं प्रवचन गाऊनच सांगत, आणि त्यांनी सूर लावला की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारेही ताठ बसत. त्या रविवारी त्यांनी बायबलातली काना गावच्या लग्नाची कथा लावली. पाण्याचं मद्य झालं हे सगळ्यांना ठाऊक, ते म्हणाले, पण त्या सहा घागरी कुणी घडवल्या, किती वर्षं त्यांनी मुकाट पाणी सांभाळलं, हे कुणी विचारलं का? मग डोळे मिटून त्यांनी ओळ धरली : भांडं जुनं व्हावं, देवा, रितं होऊ नये. सगळं देऊळ ती ओळ झेलायला लागलं. एलेनिसी कितीतरी दिवसांनी मोकळेपणी गायली.

पुढच्या रविवारी देवळाच्या अंगणात बावन्न भांडी आली. कित्येक तर जेवणासकट.

अबिलियो स्वतः आले. इस्त्रीच्या पँटीनिशी गुडघ्यांवर बसून एकेका भांड्याचं बूड वाचू लागले. दोना झुल्मिरांसमोर मात्र ते अडले. या शाळेच्या जुन्या स्वयंपाकीणबाई, आणि त्यांच्या पातेल्यात घेवडा होता.

"एकोणऐंशीचं आहे," त्या म्हणाल्या. "शाळेने टाकलं, मी उचललं. चार पोरी यावर वाढवल्या. तुझ्या कागदात हे कधीच मेलंय म्हणे. मग हा घेवडा काय भुताने शिजवला, अबिलियो?"

अंगण हसलं. अबिलियोही हसले, दोनदा घेवडा मागून घेतला, सगळी सालं वहीत उतरवली आणि अहवाल वर पाठवतो म्हणाले. ओर्मिंदोंनी त्याच संध्याकाळी साच्याची वाळू चाळायला काढली.

निकाल गुरुवारी होता. ओर्मिंदो लग्नातला कोट घालून नगरपालिकेत आले. अबिलियोंनी अर्ज समोर ठेवला. त्यावर लाल गोल नव्हता.

"चाळीस मंजूर झालं. नुसतं या अर्जापुरतं नाही, आमच्या तक्त्यातही तेच लिहिलंय. ॲल्युमिनियमवाले बाद."

ओर्मिंदोंनी छातीवर क्रूसाची खूण केली. एलेनिसीने महिन्याभरात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली आणि विचारलं, पहिली खेप कधी पाठवू?

अबिलियो चष्मा पुसून ओर्मिंदोंकडे वळले.

"सेउ ओर्मिंदो, शाळांत आत्ता आहेत ती पातेली तुमचीच, आठ वर्षांपूर्वीची. तक्त्यात आयुष्य आठ होतं, म्हणूनच ही खरेदी निघाली होती." त्यांनी अर्ज हलकेच तिच्याकडे सरकवला. "आता बत्तीस वर्षांनी या."