एल्मरची झोप

"दिवसा इकडे फिरकायचं नाही," व्हर्ना हाउगेन म्हणाल्या. "रात्री बिछाना तुझा, दिवसा एल्मरचा. माणूस तापट आहे. मागच्या भाडेकरूने भरदुपारी त्याची झोपमोड केली. त्याच दिवशी काढावं लागलं."

"एल्मरला?"

"भाडेकरूला. एल्मरला कोण काढणार?"

वेंडल प्रुइटने मान हलवली. बिछान्याखाली अस्वल झोपतं असं बाईंनी सांगितलं असतं, तरी त्याने मान हलवली असती. अर्कान्सासहून तेलाच्या कामासाठी तो नॉर्थ डकोटात आला, तेव्हापासून ट्रकमध्येच झोपत होता. इथल्या खडकातून तेल निघायला लागलं आणि गावात माणसांचा लोंढा आला. लोक गॅरेज भाड्याने देत होते, कोंबड्यांची खुराडी साफ करून देत होते. ट्रकमध्ये वेंडलच्या डाव्या पायाची करंगळी थंडीने काळी पडली आणि डॉक्टरांनी ती कापून टाकली.

"आणखी एक बोट गेलं तर सरळ घरी ये," बायको फोनवर म्हणाली होती. "मला नवरा अख्खा हवाय." घरी येऊन खायचं काय, हे दोघांनीही विचारलं नाही.

आता अर्धा का होईना, बिछाना मिळाला होता. पहिल्या रात्री उबेत पाय पसरल्यावर वेंडलला चक्क रडू आलं.

मग सगळं अंगवळणी पडलं. संध्याकाळी तो रिगवरून, तेलविहीर खोदायच्या कामावरून, परते तेव्हा हाउगेनबाई कोट चढवून दारात उभ्या असत. अंथरुणाला खिळलेल्या बहिणीपाशी त्या रात्रभर बसायच्या. पहाटे येऊन त्याला अंडी आणि कॉफी करून द्यायच्या. डोळे तांबारलेले.

"बहिणीने झोपू दिलं नाही वाटतं?" तो विचारायचा.

"तिला कुठली झोप," एवढंच त्या म्हणायच्या.

त्यांची स्वतःची खोली न्हाणीघराशेजारी होती, तिचं दार कायम बंद असायचं. घर त्यांचंही भाड्याचंच. घरमालकांनी भाडी वाढवली तसे गल्लीतले म्हातारे एकेक करून मुलांकडे निघून गेले. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या राहिल्या.

एल्मर मात्र कधी दिसला नाही. त्याचे जाडजूड बूट दाराशी असायचे, अगदी स्वच्छ. कामावर दुसरे घालत असेल, असं वेंडलला वाटलं. उशीच्या शिवणीत पांढरी भुकटी सापडायची. म्हणजे गडी वाळूच्या गाड्यांवर असणार. खडक फोडायला विहिरीत वाळू सोडतात, तिची धूळ अशीच केसांत बसते. रविवारी उशाशी कागदी पिशवीत दोन डोनट ठेवलेले असत. उपकार फेडावेत म्हणून वेंडलने तंबाखूची डबी ठेवली. ती तशीच राहिली. मग पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या. त्या संपल्या.

रिगवर या प्रकरणाची भरपूर मजा चालायची. "काय रे, सवत बरी आहे ना?" टोळीचा मुकादम गस विचारायचा.

"बायकोपेक्षा नीटनेटकी आहे," वेंडल सांगायचा. "उशी झटकून ठेवते."

"तोंड बघितलंस का?"

"बघायचं नाही अशीच अट आहे."

जानेवारीत एका सकाळी हिमवादळ आलं. पुढे केलेला हात दिसेना. गसने काम थांबवलं.

"मी इथेच थांबतो संध्याकाळपर्यंत," वेंडल म्हणाला.

"सवतीला घाबरतोस होय? इथे कोणीही थांबायचं नाही. नीघ, रस्ता बंद होईल."

वेंडल कसाबसा गावात पोहोचला. दुकानं, खानावळी, सगळं बंद झालं होतं. घरासमोर ट्रक लावून, हीटर चालू ठेवून, अंधार पडेपर्यंत बसायचं त्याने ठरवलं. पण थोड्याच वेळात ट्रक आचके देऊन थांबला. डिझेल थिजलं होतं. हीटरही गेला.

डाव्या पायाची बोटं आधी ठणकली. मग ठणकायची थांबली, आणि वेंडल घाबरला. मागच्या वेळी असंच झालं होतं.

तो लंगडत घरात शिरला. हाउगेनबाईंना आधी विचारावं म्हणून त्याने त्यांच्या बंद दारावर टकटक केली. दार आपोआप उघडलं. आत कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि फळीवर बीटच्या लोणच्याच्या बरण्या. खाट नव्हतीच. बाई कुठे झोपतात कोण जाणे, पण वादळात त्या बहिणीकडेच अडकल्या असणार. म्हणजे घरात आता तो आणि एल्मर.

तो आपल्या झोपायच्या खोलीत शिरला. खिडकीवर घोंगडी टांगलेली होती. अंधारात पलंगावर रजयांचा ढीग तेवढा दिसत होता.

"एल्मर," वेंडल हळूच म्हणाला. "मी वेंडल. रात्रीचा. झोपमोड केली, माफ कर बाबा. माझा पाय बधिर झालाय. मी इथे खाली पडतो, श्वाससुद्धा जपून घेईन. फक्त हाउगेनबाईंना सांगू नकोस. त्या मला काढतील, आणि ट्रकमध्ये माझा हा हिवाळा निघणार नाही."

ढीग हलला. मग वरची एक रजई सरकत येऊन त्याच्या अंगावर पडली. माणसाच्या उबेने ती गरम होती. वेंडलने ती पायांभोवती गुंडाळली. हळूहळू बोटांत मुंग्या आल्या, मग ठणका सुरू झाला. इतका चांगला ठणका त्याने आयुष्यात अनुभवला नव्हता.

"उपकार झाले, एल्मर," तो म्हणाला. "नाही ना सांगणार?"

"नाही सांगत," रजईतून हाउगेनबाई म्हणाल्या. "झोप आता. मला संध्याकाळी डोनट तळायला जायचंय."