चौथी थाळी

"हीच," पिलाजीराव म्हणाले आणि हातातली काठी खाली ठेवली.

रावपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात पाच राईड ओळीने स्टँडवर लावल्या होत्या. राईड म्हणजे ड्रम वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताची काशाची मोठी थाळी. गाणं कितीही भरकटलं तरी ठेका तिच्यावर चालू राहतो. पिलाजीरावांनी पाचही वाजवून चौथीवर बोट ठेवलं, तेव्हा शलाकाच्या कानात अजून सुया टोचत होत्या. थाळी कसली, नुसता पत्रा होता.

पिलाजीराव बडोद्याच्या गरब्यात तीस वर्षं ड्रम वाजवत होते. पणजोबा संस्थानच्या पलटणीत बिगूल वाजवायचे, हे नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. यंदा गुडघ्यांनी दगा दिला होता. त्यामुळे नवरात्रात ड्रमची खुर्ची ते दुसऱ्या कुणाला तरी देणार होते, आणि ती शलाकाला हवी होती. सहा वर्षं ती त्यांच्या शेजारी उभी राहून विजेवरचा ऑक्टापॅड वाजवत आली होती. कोयलीच्या रिफायनरीतल्या प्रयोगशाळेत नमुने तपासताना रिकाम्या हाताची बोटं टेबलावर आपोआप चालू व्हायची. 'नवी राईड घ्यायची आहे, चल,' असा पिलाजीकाकांचा फोन आला, तेव्हाच खुर्चीचा निकाल याच दुकानात लागणार हे ती समजली होती.

काकांना नाही म्हणायची त्यांच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत पद्धतच नव्हती. बासरीवाल्याचा सूर केसभर उतरला, तरी काका वाजवता वाजवता मान वळवून त्याच्याकडे बघत; अशा माणसाला कानाबद्दल कोण शिकवणार? पण गेली तीन वर्षं त्यांनी आणलेली राईड दर नवरात्राला आदल्या वर्षीपेक्षा जास्त कर्कश निघत होती. गाणारी राजेश्वरी कानात कापूस घालून गायली, पण बोलली नाही. बाकीचे बोलले नाहीत. शलाकाही बोलली नव्हती, आणि त्याची तिला मनातून लाज वाटत होती.

"काका, परत एकदा ऐकू या ना," ती म्हणाली.

"ऐक की. शांतीथी ऐक."

पिलाजीरावांनी पुन्हा काठी उचलली. एकेक थाळी वाजवून ते थांबत. थाळीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सगळा वेळ ते शलाकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. पहिली थाळी बरी होती. दुसरी वाजली आणि ती सुखावली. काठीचा प्रत्येक ठोका वेगळा कळत होता, मागे बारीक झंकार रेंगाळत होता, आणि कुठेही टोचत नव्हतं. या थाळीवर दोन टाळीचा गरबा नऊ रात्री चालला तरी कुणाचं डोकं उठलं नसतं. तिसरी जडशीळ. चौथीने पुन्हा कानाचे पडदे फाडले. पाचवीबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

"दुसरी," शलाका म्हणाली.

"चौथी," पिलाजीराव म्हणाले.

दुकानाचे मालक किरीटभाई चौथी थाळी उतरवायला पुढे झाले. "काकाए कह्युं एटले फायनल, बेन," ते हसत म्हणाले. इतक्या वर्षांत काकांनी बोट ठेवलेली थाळी परत स्टँडवर गेली, असं त्यांनी पाहिलं नव्हतं.

शलाकाला भीती वाटली. हो म्हटलं की खुर्ची आपली, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण मग त्या पत्र्यावर नऊ दिवस स्वतःच्या हाताने ठेका धरायचा, आणि समोर हजारो माणसं त्याच्यावर पाऊल टाकणार. आपल्या कानावर तिचा पुरता विश्वास होता. आज तो मोडला असता, तर पुढे त्या कानाचं करायचं तरी काय होतं?

"काका, दुसरी घेणार असाल तर मी वाजवीन," ती म्हणाली. "चौथीच घ्यायची असेल, तर खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या."

किरीटभाईंचा हात हवेतच थांबला. पिलाजीरावांशी असं बोललेलं त्यांनी कुणाकडून ऐकलं नव्हतं. खुर्ची गेली हे शलाकाने मनोमन मान्य केलं, आणि आवाज जराही कापला नाही याचं तिला बरं वाटलं.

पिलाजीरावांनी स्वतः दुसरी थाळी स्टँडवरून उतरवली आणि किरीटभाईंच्या हातात दिली. "ही बांधा. आणि हिला काठ्यांची एक चांगली जोडी द्या, आता ड्रम हीच वाजवणार."

मग गुडघ्यावर हात ठेवत ते स्टुलावर बसले.

"चौथी फार वाईट आहे का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

शलाका गोंधळली. "पत्रा आहे, काका. तुम्हीच तर दोनदा वाजवलीत."

"असेल. माणसांचं बोलणं ऐकू येतं, बासरी येते, ढोल येतो. राईडसारखा अगदी वरचा, बारीक आवाज मात्र तीन वर्षं झाली, ऐकूच येत नाही. दर वर्षी एकेकाला इथे घेऊन आलो. मी अंदाजाने बोट ठेवायचो आणि सगळे म्हणायचे, वाह काका. मग स्टेजवर राजेश्वरीच्या कानात कापूस दिसायचा." ते शलाकाकडे बघून हसले. "आज चौथी वाजली आणि तू डोळे घट्ट मिटून घेतलेस, म्हणून मी तीच धरून बसलो, तू तरी नाही म्हणतेस का ते बघायला."