पूर्ण विश्वास

सकाळच्या पेपरात क्लबचे अध्यक्ष म्हणाले, "कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे." दुपारी बारापर्यंत मिलेंकोची अर्धी बॅग भरून झाली होती.

माणूस धंद्यात मुरलेला. एके काळी सर्बियाच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळला, नंतरच्या सोळा वर्षांत अकरा क्लबांचा कोच झाला. हाकलण्याआधी प्रत्येकाने त्याच्यावर असाच पूर्ण विश्वास दाखवला होता. ताश्कंदला दोन दिवस आधी, सायप्रसमध्ये त्याच संध्याकाळी. आखातातल्या रास अल खैमाचा हा त्याचा बारावा क्लब, आणि संघ सलग चार सामने हरलेला.

या वेळी मात्र त्याला जायचं नव्हतं. त्याच्यामागून बिऱ्हाड हलवून हलवून बायको कंटाळली होती आणि बेलग्रेडला जाऊन राहिली होती. "एका जागी टिकून दाखव, मग येते," असं यास्नाने बजावलं होतं. इथे अकरा महिने झाले होते. आज सकाळपासून तिचा फोन बंद होता. पेपर तिथवर पोचला असावा.

उरलेली लक्षणं लिओनार्डकडे बघून कळत होती. क्लबचा हा टीम मॅनेजर वसईचा. आजवर सात कोचना विमानतळावर सोडून आलेला. गेल्या आठवड्यात त्याने मिलेंकोचा पासपोर्ट मागून नेला. मग एका अरबी कागदावर सही घेतली. "रूटीन आहे, कोच." काल दोन माणसं आणून बेडरूममधलं कपाट मोजून गेला. नवा कोच कपड्यांचा शौकीन असणार.

आज तो गाडीची किल्ली न्यायला आला. "धुवून ठेवतो, कोच."

"लिओ, सरळ सांग. कधी?"

"मला नका विचारू. संध्याकाळी घरीच राहा, अध्यक्ष स्वतः येणार आहेत." एवढं बोलून त्याने हसू दाबलं. मिलेंकोला ते दिसलं. सात जणांना पोचवल्यावर माणूस निर्ढावतो.

तो गेल्यावर मिलेंको येरझारा घालत राहिला. खिडकी, बॅग, पुन्हा खिडकी. अकरा ठिकाणांहून त्याला काढलं होतं. आपणहून तो एकदाही निघाला नव्हता. या वेळी आपणहून निघाला, तर निदान यास्नाला तेवढं तरी सांगता येईल. त्याने चार ओळींचा राजीनामा लिहिला, मागाहून कोणी 'काढलं' म्हणू नये म्हणून एक प्रत पेपरला ईमेल केली, आणि टॅक्सीने क्लबचं ऑफिस गाठलं.

व्हिसाचं काम बघणारी मुनिबा एकटीच होती.

"अध्यक्ष नाहीत, सर. लिओनार्डला घेऊन विमानतळावर गेलेत. बेलग्रेडच्या विमानाला. फुलं पण नेलीत."

म्हणजे नवा माणूसही सर्बियाचाच. आणि याला उतरल्या उतरल्या फुलं.

"हे घ्या," त्याने पत्र पुढे केलं. "माझा व्हिसा रद्द करा. आत्ताच."

मुनिबाने पत्र वाचलं, शिक्का मारला. जाणाऱ्या कोचला काही विचारायचं नसतं, हे ती नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. इथे एरवी कुठल्याही कामाला 'इन्शाल्ला, होईल उद्या' ऐकावं लागतं. ती मात्र लगेच टाइप करू लागली. मिलेंकोला हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो अध्यक्षांच्या एक पाऊल पुढे होता.

टाइप करता करता मुनिबा थांबली.

"सर, तुमचा असा होत नाही. आधी तुमच्या मिसेसचा व्हिसा रद्द करावा लागेल. कालच मंजूर झालाय, तुमच्याच व्हिसावर, दोन वर्षांचा. करू?"