मशीनची पूजा

खंडेनवमीला दिघ्याच्या कारखान्यात शेठने ट्रान्झिस्टरसाठी पत्रा कापायच्या मशीनला झेंडूचा हार घातला. पात्यापुढची जाळी त्यानेच काढली होती. जाळीत हात अडतो, माल कमी निघतो म्हणे! गेल्या महिन्यात रहिमाची बोटं पात्याखाली गेली, तेव्हा "बाईचंच लक्ष नव्हतं" म्हणून त्याने हात झटकले आणि तिच्या जागी दुसरी बसवली. आता तो जाईबाईला म्हणाला, "तू सगळ्यात जुनी. नारळ फोड, यंदा कुणाला इजा नको म्हणून देवाला सांग." जाईबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाळी काय देवाने काढली? तिने नारळ बाजूला ठेवला, मशीन सुरू केलं, ताटातली केळ्यांची फणी पात्याखाली सरकवली आणि पेडलवर पाय दिला. शेठच्या कपड्यांवर लगदा उडाला. "अगं, प्रसाद होता तो!" शेठ ओरडला. "रहिमाचा हात व्हता तवा नाय वरडले तुमी!"