सहा आकडे

"ओटीपी आला असेल ना, दीप्तीच्या आई? सांगा पटकन," नीला मॅडम म्हणाल्या. कॉम्प्युटरवरून नजर त्यांनी हलवलीसुद्धा नाही.

जानकीने फोन छातीशी धरला. ओटीपी कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही, हे दीप्तीनेच तिला पढवलं होतं. पोळीभाजी केंद्रावरच्या दीडशे पोळ्या लाटून ती तशीच शाळेत आली होती. दहावीच्या पालकांचा अभिप्राय घ्यायचाय, सगळ्यांनी यायचंच, असा निरोप होता. आपलं मत कुणी विचारतंय म्हटल्यावर काय काय सांगायचं ते भांडुपच्या टेकडीवरून उतरता उतरता तिने मनात घोळवलंही होतं.

इथे कुणी काही विचारतच नव्हतं. रांगेतली एकेक आई पुढे यायची, फोनवरचे आकडे सांगायची, मॅडम बटण दाबायच्या. पुढची.

"आधी काय लिहिलंय ते बघू द्या," म्हणत जानकी वाकली. पडद्यावर तिचं नाव होतं. त्याखाली स्वच्छता, अत्यंत समाधानी. गणिताचं अध्यापन, अत्यंत समाधानी.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. गणिताचे सर जूनमध्येच बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. गणिताच्या तासाला चाळीस पोरं नुसती बसून असायची.

"हे मी कधी म्हटलं?"

"अहो, सगळ्यांचं सारखंच भरलंय. तुम्ही फक्त आकडे सांगा, म्हणजे फॉर्म शिक्षण खात्याकडे जाईल."

राग अनावर झाला की जानकीच्या तोंडी थेट मालवणी येई. "आकडे? जूनपासून माझ्या चेडवाक आकडे शिकवूक माणूस नाय तुमच्याकडे, आणि आज माझ्याकडे आकडे मागतास?"

रांगेतल्या बायका पुढे वाकून बघू लागल्या.

"आई, प्लीज ना," शेजारी उभ्या असलेल्या दीप्तीने तिचा पदर ओढला. "सर आले."

मुख्याध्यापक दारातच उभे होते. त्यांचा आवाज गोड होता. "बाई, तुमच्या मुलीला गणितात अंतर्गत गुण वीसपैकी वीस दिलेत आम्ही. ते शाळेच्या हातात असतात, ठाऊक आहे ना? उगाच पोरीचं नुकसान कशाला करून घेता?"

जानकीने मनात हिशेब मांडला. वीस गुण गेले तर पोर नापासच. एवढ्या बायकांनी सांगितले आकडे, आपणच काय मोठ्या लागून गेलो? तिने फोन मॅडमसमोर धरला. स्वतःची अशी चीड तिला कधीच आली नव्हती.

दीप्तीने पदर सोडला.

"सर, वीस तर सगळ्यांनाच दिलेत," ती म्हणाली. "सम्यकला पण. तो दिवाळीपासून शाळेत आलाच नाहीये."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नीला मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. सरांकडे नाही, जानकीकडे बघितलं.

"काय भरू, ताई?"

"खरं काय ते भरा."

मॅडमनी पडद्यावरचा बाण गणिताच्या रकान्यात पार खाली, 'अत्यंत असमाधानी'वर नेला आणि बटण दाबलं. एव्हाना जुना ओटीपी बाद झाला होता. फोन वाजला, नवा आला.

जानकीने फोन डोळ्यांसमोर धरला आणि रांगेतल्या शेवटच्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा वाचला.

"बाई, हळू," सर म्हणाले. "ओटीपी असा ओरडून सांगायचा नसतो."

जानकीने पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली.