पाच वाजताची नोंद

आई दुपारी दोनला गेली. मुलगी वृद्धाश्रमात पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. पलंगाच्या पायाशी नोंदींची फाईल लटकत होती. ती उघडून वाचता वाचता मुलीचा पारा चढला.

"दोनला माझी आई गेली आणि चारला तुम्ही तिची कूस बदललीत? साडेचारला चहा पाजलात?"

आईचं सगळं बघणाऱ्या मावशींचा चेहरा पडला. "चुकलं ताई. आज शनिवार, तपासणीवाले येणार होते. एक जरी रकाना मोकळा दिसला तरी मोठ्या मॅडम फाडून खातात. म्हणून सकाळीच दिवसभराचं लिहून ठेवलं."

"मेलेल्या माणसाला चहा! हे कागद मी त्या तपासणीवाल्यांच्याच हातात देते, थांबा."

तिने फाईल ओढून घेतली, आणि तिची नजर खालच्या ओळीवर गेली. 'पाच वाजता : मुलगी भेटून गेली.'

तिने पानं मागे उलटली. गेल्या शनिवारी, पाच वाजता : मुलगी भेटून गेली. त्याच्या आदल्या शनिवारीही तेच. त्याच्याही आदल्या. आठ महिने ती इकडे फिरकली नव्हती.

"हेसुद्धा... तपासणीसाठीच का?" तिचा आवाज आता ऐकू येईल न येईल इतका खाली आला होता.

"नाही ताई. ते आजी लिहायला लावायच्या. म्हणायच्या, बाकी काही राहिलं तर राहू दे, पण एवढं लिहीच. उद्या कोणी कागद बघितले तर माझ्या पोरीला नावं ठेवायला नकोत."