आईचा रकाना

"आईचं नाव काढून टाका," शाळेचं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायला आलेला इंजिनिअर म्हणाला. "या मशीनला मेमरीच सहाशे चाळीस केबी. सगळं नाही मावत."

मी शाळेची क्लार्क. एकोणीस वर्षं रजिस्टरमध्ये प्रत्येक पोरीच्या नावाशेजारी तिच्या आईचं नाव हातानं लिहीत आले. निम्म्या पोरी आयांनी बिड्या वळून शिकवल्यात. आणि जागा करायची वेळ आली की पहिलं त्यांनीच उठायचं?

"अहो, दुसरं काहीच काढण्यासारखं नाही?"

"तसा संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो आहे. सुरुवातीला एकदा दिसतो आणि मग दिवसभर मेमरीत बसून राहतो. पण तो कसा काढणार?"

"कसा काढायचा तेवढं दाखवा. काढते मी."

उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला, बटण दाबलं. पडद्यावर पहिली पोरगी आली. शेजारी लिहिलेलं होतं, आई : यल्लव्वा. अध्यक्ष चष्मा सारखा करत बराच वेळ वाट बघत राहिले.

"आणि माझा फोटो?"

"काढला, साहेब," मी म्हटलं. "काही काम न करता नुसता जागा अडवून बसला होता."